‘चाळिशीनंतर फक्त चाला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चाळिशीनंतर वजनं उचलू नयेत, सांधे झिजतात, हृदयावर ताण येतो. बायका पुरुषी दिसायला लागतात. जिम हा आरशासमोरचा खेळ, मनाला त्याचा उपयोग शून्य, उलट माणूस तापट होतो. आपल्या परंपरेत हे खूळ नव्हतंच. तेव्हा रोज चाला, तेवढं पुरे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यांना पटतो तो हाच. चालणं उत्तमच. ठाण्याच्या कचराळी तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांना नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण ‘तेवढं पुरे’ असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. तिच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय आणि त्याशिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम. पासष्टीच्या पुढे तोल आणि ताकदीसाठी तीन दिवस. म्हणजे फॉरवर्डच्या नेमकं उलट: वय वाढलं की ताकदीकडे जास्त लक्ष द्या.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चालण्याने दम टिकतो, पण ही घट फारशी थांबत नाही. ती एकदम कळतही नाही. आधी ठाणे स्टेशनच्या पुलावर कठडा धरावा लागतो. मग जमिनीवर बसायचं टाळलं जातं, कारण उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मग गडकरी रंगायतनमधलं नाटक नको, लग्नकार्य नको, ‘तुम्ही जाऊन या’. घरच्यांना वाटतं, बाबांचा स्वभाव बदलला. बऱ्याचदा बदललेली असते ती मांड्यांची ताकद. मनाचा विषय शरीरापासून वेगळा काढणारे हे विसरतात.

आता ‘मनाला उपयोग शून्य’ हा दावा. २०१८ मध्ये ‘जामा सायकायट्री’ या नियतकालिकात ३३ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, सहभागी १,८७७. ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं मध्यम प्रमाणात कमी झाली. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: ताकद किती वाढली यावर हा फायदा अवलंबून नव्हता. म्हणजे दंड फुगले नाहीत तरी मन हलकं होऊ शकतं. आरशाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. चिंतेवरचा परिणामही दिसतो, पण लहान.

इथे हात राखून बोलायला हवं. आपण व्यायाम करतोय हे सहभागी माणसापासून लपवता येत नाही. त्यामुळे घराबाहेर पडणं, चार माणसांत मिसळणं, बरं वाटेल ही अपेक्षा, यांचाही त्यात वाटा असणार. असेना का! पण डंबेल घेतले म्हणून डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी परस्पर बंद करू नये.

बुद्धीचंही तसंच. सिडनी विद्यापीठाच्या एका चाचणीत विस्मरणाची सुरुवात झालेल्या, पंचावन्नच्या पुढच्या १०० जणांना घेतलं होतं. सहा महिने, आठवड्याला दोन-तीन दिवस वजनं उचलणाऱ्या गटाची आकलनशक्ती सुधारली.

असं का होत असावं? माझं मत सांगते. आपल्या दिवसातलं फारच थोडं आपल्या हातात असतं. लोकल उशिरा येते, घोडबंदरला गाड्या अडकतात, साहेबांचा मूड कसा असेल सांगता येत नाही. पाच किलोचं वजन मात्र पाच किलोच असतं. ते आज उचललं आणि काही आठवड्यांनी साडेसात उचललं, तर ते कुणाच्या मेहेरबानीने नसतं. ही भावना चाळिशीनंतर फार कमी ठिकाणी मिळते.

तापटपणाचं म्हणाल, तर स्नायू फुगवायला अॅनाबॉलिक स्टेरॉइड ही औषधं घेणाऱ्यांत चिडखोरपणा आणि आक्रमकता वाढू शकते, हे खरं. तो दोष इंजेक्शनचा. त्याचं खापर वजनांवर कशाला?

सांध्या-हाडांना इजा होण्याची भीती मात्र प्रामाणिक आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर चाचणी झाली. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. दुखापत? एकीच्या पाठीत किरकोळ लचक. अर्थात हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हळूहळू वजन वाढवत झालं होतं. व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी बारबेलला हात घालणाऱ्याला हा दाखला लागू नाही. वयाचं म्हणाल, तर १९९० साली बॉस्टनच्या वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या माणसांनी आठ आठवड्यांत मांडीच्या स्नायूंची ताकद अडीच पटीहून जास्त वाढवली होती.

हृदयाबद्दलच्या दाव्यात अर्धं तथ्य आहे. श्वास कोंडून फार जड वजन उचललं की रक्तदाब काही क्षण भलताच चढतो. म्हणून उचलताना श्वास सोडायचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये ताकदीच्या व्यायामाची शिफारसच केली आहे, हृदयविकार असलेल्यांसाठीसुद्धा, योग्य तपासणीनंतर. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हर्निया किंवा मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल, तर आधी डॉक्टर.

बायका पुरुषी दिसण्याबद्दल काय बोलायचं? टोकियोत ४९ किलो वजनी गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य जिंकणाऱ्या मीराबाई चानूचा फोटो पाहा. आणि परंपरा म्हणाल, तर तालमीतले मुदगल, करेला (फिरवायची जड लाकडी वजनं), जोर-बैठका कुठून आले?

महागडी जिम लागतेच असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, भिंतीला टेकून जोर, वाणसामानाच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन जिना, एवढ्यावर सुरुवात होते. ठाण्या-नवी मुंबईच्या बागांतली ओपन जिमची यंत्रंही हालचालीपुरती बरी. पण त्यातल्या बहुतेकांवर वजन वाढवायची सोयच नसते, त्यामुळे ती सोपी वाटायला लागली की पुढचा टप्पा घरातल्या डंबेलवर किंवा रबरी पट्ट्यावर करावा लागतो.