स्पिन सोडा, जमीन पाहा

तुमच्या लेखात व्होकी एसएम१० आणि क्लीव्हलँड आरटीएक्स ६ या गोल्फच्या दोन वेजची (जवळून चेंडू उंच उचलायच्या काठ्यांची) तुलना जवळजवळ स्पिनवरच, म्हणजे चेंडूला मिळणाऱ्या फिरकीवरच केली अन् व्होकीला झुकतं माप दिलं. भाऊ, ग्रूव्हच्या (काठीच्या तोंडावरच्या खाचांच्या) मापाला अन् धारेला २०१० पासून नियमानं मर्यादा आहे. नवीकोरी असताना दोन्हींत साध्या खेळाडूला फार फरक कळणार नाही. खरा प्रश्न बाउन्स (काठीचा तळ धारेच्या खाली किती अंश उतरतो ते) आणि ग्राइंडचा (तो तळ घासून दिलेल्या आकाराचा), तोच दोन ओळीत गुंडाळला.

मी फौजेतून निवृत्त, सध्या वरुडकडे शेती. संत्र्याच्या बागेलगत पडीक तुकडा आहे, तिथंच चिपिंग (जवळचे छोटे फटके) करतो (लोक हसतात, हसू द्या). मे महिन्यात काळी जमीन भेगाळून इतकी टणक होते, की जास्त बाउन्सची वेज खालून उसळते, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू थेट धुऱ्यापलीकडे. पावसाळ्यात उलटं. कमी बाउन्सची रुतून बसते, शिवाय सोलला (तळाला) ढेकूळ चिकटते ते वेगळंच.

म्हणून माझं मतही व्होकीलाच, पण कारण वेगळं: ५६ अंश लॉफ्टच्या (तोंडाच्या तिरकेपणाच्या) वेजमध्ये एम ग्राइंड ८ अंश बाउन्सचा, एस ग्राइंड १० चा, एफ ग्राइंड १४ चा. निवडीला वाव आहे. क्लीव्हलँडच्या ग्राइंडची लो, मिड, फुल ही नावं समजायला सोपी, हेही मान्य. एकच घ्यायची तर एस ग्राइंडची घ्या. रॉ फिनिश (मुलामा नसलेली) मात्र आमच्या पावसात लवकर गंजते, खेळाला बाध नाही. अन् आधी आपल्या पिचिंग वेजचा (सेटसोबत येणाऱ्या वेजचा) लॉफ्ट पाहा. हल्ली बऱ्याच सेटमध्ये तो ४४-४५ अंश असतो, मग ५६ पर्यंत मधात एक वेज लागतेच.