कालाकुंडच्या दरीत कानात बोंडं कशाला? रामबागेतल्या काकांना उत्तर

काका, इंदूरजवळच्या कालाकुंडच्या दरीत चालताना थांब्याथांब्यावर कानात ऐकायच्या ज्या ध्वनिफायली मी केल्यात, त्यांवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून, एकदा चहा झाल्यावर. इतरांसाठी तिचा मथितार्थ देतो: दरीत पाखरं ऐकायला जायचं की तुझं भाषण? वडापाशी डावीकडे वळ म्हणालास, तिकडे नुसता चिखल. आणि सगळं होळकरांचं कौतुक, जणू त्या दरीत दुसरं कोणी राहिलंच नाही.

वडाचं आधी. तुमच्या फोनवर फायली आपोआप एकापाठोपाठ वाजत गेल्या असणार. वड पाचव्या फाईलमध्ये आहे, तुम्ही होतात चौथ्या थांब्यावर, म्हणून भलत्याच झाडाशी वळलात. एक संपली की फोन खिशात आणि पुढचा थांबा आल्यावरच दुसरी, हे मी सांगायला हवं होतं. 'घाटात नेटवर्कचा भरवसा नाही, घरूनच डाउनलोड करा' एवढं सांगून मोकळा झालो. शिवाय 'डावीकडे' हा शब्दच चुकीचा, उलट्या बाजूनं येणाऱ्याचं डावं वेगळं. आता 'वाहत्या पाण्याबरोबर चला' असं केलंय. उन्हाळ्यात नदी आटली तरी उतार कुठे जात नाही.

भाषणाचा आरोप मात्र मान्य नाही. अकरा फायली, एकही अडीच मिनिटांच्या वर नाही. तीन तासांच्या चालण्यात माझी बडबड अर्धा तासही भरत नाही. आपली मंडळी पाताळपाणीच्या धबधब्याला स्पीकर घेऊन जातात, त्यांना कोणी काही म्हणत नाही!

होळकरांबद्दल तुम्ही बोललात ते झोंबलं, कारण खरं आहे. तुकोजीरावांनी (दुसरे) खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीवर. इंदूरच्या मराठी घरात हे ऐकतच आपण वाढतो, सांगताना मी रंगलो. दर 40 फुटांना 1 फूट चढ, मागून लावायचं जादा इंजिन, कालाकुंड स्टेशनवरचा कलाकंद, सगळं रसभरीत. आणि टंट्या भिल्ल? शेवटी घाईघाईत वीस सेकंद.

रूळ घाटातून वर आले, जवळपास त्याच काळात, 1878 मध्ये, टंट्या खंडव्याच्या तुरुंगातून निसटला. पुढची दहा-अकरा वर्षं सावकार लुटले, लूट गरिबांत वाटली. 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी. पाताळपाणीजवळ त्याचं देऊळ आहे आणि तिथे गाडी क्षणभर थांबवून पुढे न्यायची रीत होती.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी गेल्या रविवारी पुन्हा गेलो. भुट्टे भाजणाऱ्या एका बाईंना विचारलं, टंट्याबद्दल सांगाल? 'टंट्या' म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. मामा म्हणायचं. मग निखाऱ्यांवर पंखा मारत, गिऱ्हाईकाला लिंबू-मीठ चोळून देत, निमाडी बोलीत सात मिनिटं बोलल्या. रेकॉर्डिंगमध्ये दाणे तडतडल्याचा आवाज आहे, एकदा सुट्ट्या पैशांवरून वादही आहे. काही कापलेलं नाही. माझा अडीच मिनिटांचा नियम तिथेच मोडला.

बोलून झाल्यावर त्यांनी माझी रेल्वेची फाईल ऐकली आणि विचारलं, पैसे कोणी दिले ते सांगितलंत, पण दगड कोणी फोडले?

त्यांची फाईल आता पहिल्या क्रमांकावर आहे. होळकर दुसऱ्यावर. या वेळी मात्र एका वेळी एकच लावा, काका.