उठायची वेळ सांगता, मग झोपायचीही सांगा

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला आणि आमटी-भात कालवता कालवता त्याची मान खाली गेली. हात ताटातच राहिला. वय चोवीस, ताप नाही, आजार नाही. कळव्याला राहतो, घणसोलीच्या एका कंपनीत दुपारी दोन ते रात्री अकरा शिफ्ट करतो आणि सव्वा महिना झाला, पहाटे चारला उठतो. का, म्हणून विचारलं तर त्याने फोन पुढे केला. 'यशस्वी माणसांची पाच सूत्रं'. हाच मेसेज आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला होता, ऑफिसच्या ग्रुपवर एकदा. मी वाचून सोडून दिला होता. सोडायला नको होता.

मेसेज थोडक्यात असा. ब्राह्ममुहूर्तावर, म्हणजे पहाटे चारला उठा. कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते, पण एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ध्येय कागदावर लिहा, येल विद्यापीठाने १९५३ साली त्याचा फायदा सिद्ध केलाय. नोकरी म्हणजे गुलामी, धाडस करून सोडा. आणि नकारात्मक माणसांना दूर ठेवा, घरची असली तरी.

आधी चारचं बोलू, कारण पोरगं त्यातच झिजतंय. अकराला शिफ्ट सुटते. घणसोलीहून ठाण्याची गाडी, ठाण्याला उतरून कळव्याची स्लो, घरी सव्वाबारा. ताई जेवण गरम करून वाढते. अंग टेकेपर्यंत एक. एक ते चार म्हणजे तीन तास. त्या अख्ख्या मेसेजमध्ये उठायची वेळ चार ठिकाणी आहे, झोपायची एकाही ठिकाणी नाही. आपल्याकडे शाळेत शिकवलेलं वचन 'लवकर निजे, लवकर उठे' असं आहे. निजायचं आधी येतं. ते गाळून उरलेलं अर्धं लोकांच्या गळ्यात मारायचं, याला सल्ला म्हणत नाहीत.

आणि ब्राह्ममुहूर्तच म्हणायचा तर तो तरी नीट मोजा. सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटं, तेव्हा तो सुरू होतो. ठाण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात साधारण साडेचार, थंडीत साडेपाचच्या पुढे. चारला तो वर्षातल्या एकाही दिवशी नसतो. पंचांग उघडलं असतं तरी कळलं असतं.

भाच्याचं उत्तर तयार होतं. "मावशी, शरीराला सवय होते गं. आता मला पूर्वीसारखी झोप येतच नाही." या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठ्ठेचाळीस धडधाकट माणसं, वय एकवीस ते अडतीस. काहींना रात्री आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार, असं चौदा दिवस. सहा आणि चार तासवाल्यांचं लक्ष आणि स्मरण रोज थोडं थोडं घसरत गेलं, ते शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीपर्यंत. पण 'झोप येते आहे का' असं विचारल्यावर त्यांची उत्तरं सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. आपलं काम बिघडत चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. "सवय झाली" म्हणतात ती हीच. भाचा तर चार तासही झोपत नाही. गेल्या महिन्यात त्याने एका ग्राहकाच्या तक्रारीवर दुसऱ्याचाच खाते क्रमांक टाकला आणि त्याला लेखी समज मिळाली. त्याचा निष्कर्ष काय, तर मी कमी पडतोय, अजून मेहनत हवी.

पहाटेच्या शांततेत अभ्यास चांगला होतो, हे मात्र मला कबूल करावं लागतं. मीही माझ्या खात्याची परीक्षा पहाटे पाचला उठून दिली. पण तेव्हा रात्री साडेनऊला दिवा मालवत होते.

एकवीस दिवसांचं मूळ एका प्लास्टिक सर्जनकडे जातं. मॅक्सवेल माल्ट्झ त्यांचं नाव. १९६० साली त्यांनी लिहिलं की रुग्णाला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना चिकटली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शहाण्णव जणांवर प्रत्यक्ष पाहणी झाली, तेव्हा सरासरी सहासष्ट दिवस निघाले. कुणाला अठरा पुरले, तर कुणाला दोनशे चोपन्न लागतील असा हिशेब आला. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फार बिघडत नाही, हेही दिसलं. भाच्याच्या कपाटाच्या दारावर एकवीस चौकोनांचा कागद आहे. तेराव्या दिवशी गजर ऐकू आला नाही, म्हणून त्याने सगळे चौकोन खोडून नवा कागद लावला. हा त्याचा तिसरा कागद.

येलचा तो अभ्यास झालेलाच नाही. १९९६ साली एका अमेरिकी मासिकाने शोध घेतला, तर विद्यापीठाकडे त्याचा मागमूसही नव्हता. ध्येय लिहून ठेवा, चांगलंच आहे, त्यासाठी खोटा दाखला कशाला?

नोकरी सोडायचं म्हणाल तर मीही दोन सोडल्या, पण पुढचं ऑफर लेटर हातात घेऊन आणि नोटीस पिरियड भरून. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसताना, सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ मोडून (त्यावर सहसा करही लागतो) राजीनामा टाकायला सांगणारा माणूस पुढच्या महिन्याचं घरभाडं भरायला येत नाही.

राहिली नकारात्मक माणसं. ताईने "रात्री किती वाजता झोपलास रे?" एवढंच विचारलं, तर ती त्या यादीत गेली. आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. आई रात्री सव्वाबाराला पोळ्या गरम करायला उठते, तिला दूर ठेवायला शिकवणारा मेसेज तुम्ही डोळे मिटून पुढे पाठवताय.

त्या रविवारी ताटं उचलल्यावर आम्ही वहीचं पान घेऊन बसलो. शिफ्ट दोनला, घरून निघायचं साडेबाराला. एकला झोपला तर साडेआठला उठून साडेसात तास होतात, आणि नऊ ते साडेअकरा त्याच्या क्लाउड कम्प्युटिंगच्या परीक्षेच्या अभ्यासाला मिळतात. चारच्या गजराने जास्त तास मिळत होते, पण त्यात तो एकेक पान तीन-तीनदा वाचत होता, हे त्यानेच सांगितलं. परवा ताईचा फोन आला. गजर साडेआठचा लागलाय.