खाकरून येणारे साहेब

आज सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी माझ्यामुळे एका मुलीचं तत्काळचं तिकीट गेलं. आणि मी तिच्या टेबलापाशी कशाला गेले होते, तर पंचिंग मशीन मागायला. पंचिंग मशीन!! कंपनीच्या बसमध्ये बसून टाईप करतेय, नाशिक फाट्याला बस जागची हलायला तयार नाही, त्यामुळे हे लांबणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

मुलगी आमच्या डिपार्टमेंटला नवीन आहे, सहा महिने झाले असतील. मी पलीकडून येताना तिने मला पाहिलं आणि हात असा झटकन ऑल्ट-टॅबवर गेला की बस, समोर एक्सेल. जीएसटीचं शीट, तेही मार्चचं, जे मी स्वतः कधीच क्लोज केलंय. मला कळलं, म्हटलं जाऊ दे. पण जायचं सोडून मी तिथेच उभं राहून कँटीनच्या मटकीवर दोन मिनिटं बोलत बसले. ती हूं हूं करतेय, कान लाल, हात माऊसवर. नंतर वॉशरूममध्ये बघते तर डोळे पुसत होती. वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, आईवडील पंधरा दिवस तिच्या रूमवर आहेत, उद्या लातूरला परत न्यायचंय. स्लीपरचं तत्काळ ११ ला उघडतं हे तुम्हाला माहितीच आहे, आणि दोन मिनिटांत काय उरतं तेही माहिती आहे. तिने नावं, वयं सगळं भरून ठेवलं होतं, ओटीपी आला होता, आणि मी आले.

मी म्हटलं अगं सांगायचंस ना, मी काय खाणार होते का तुला? तर म्हणाली, "मॅडम, सकाळी तो मेल आला ना."

तो मेल. सोमवारपासून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसणार. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणार, माऊस किती वेळ हलला नाही ते मोजणार, कुठली साईट किती वेळ उघडी होती त्याचा रिपोर्ट दर शुक्रवारी विभागप्रमुखांना, म्हणजे मलाच. कर्मचाऱ्यांच्या सक्षमीकरणासाठी म्हणे. सक्षमीकरण! हा शब्द ज्याने लिहिला त्याला माझ्या सासूबाईंसमोर बसवायला पाहिजे पाच मिनिटं.

आता जुनी गोष्ट. २००७ साल, कंपनी दुसरी होती पण भोसरीच, अकाउंट्सला ज्युनियर होते. नवरा मस्कतला दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर, मुलगा दोन वर्षांचा, घरी इंटरनेट नाही, आयएसडीचं बिल बघून पोटात गोळा यायचा. मस्कत आपल्या दीड तास मागे, त्याचं ऑफिस तिथल्या साडेनऊला सुरू व्हायचं म्हणजे आपले बरोबर ११. तेव्हा दहा मिनिटं जीटॉक, म्हणजे गूगलचं तेव्हाचं चॅट. काय बोलायचो? काही नाही हो. पिल्लू जेवला का, ताप उतरला का, तुझ्या आईचा पाय कसा आहे. माझ्या खुर्चीची पाठ दाराकडे, त्यामुळे मी तुळशीबागेतून एक गोल आरसा आणला आणि डबल टेपने मॉनिटरच्या कोपऱ्यावर चिकटवला. तो जुना डबा मॉनिटर, वर मांजर झोपेल एवढी जागा. सगळे हसायचे, मॅडमचा मेकअप मॅडमचा मेकअप, मी हसू दिलं, त्याहून चांगलं कव्हर कुठलं मिळणार? आरशात साहेब दिसले की मी जीटॉकवर नुसतं एक टिंब टाकायचे आणि विंडो बंद. त्याचंही तेच, तिकडून टिंब आलं की समजायचं त्याचा मॅनेजर आला. कित्येक दिवस आमचं बोलणं म्हणजे अर्धं वाक्य आणि टिंब.

मला सांगा, ही चोरी आहे? ज्या पोराचा ताप मी विचारत होते तो पोरगा घरी टाकून मी मार्च एंडला रात्री दहापर्यंत बसायचे, त्याचा ओव्हरटाईम कुणी दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

हो, माहितीये, आता कमेंटमध्ये कोणीतरी येईल की मशीन कंपनीचं, नेट कंपनीचं, वेळ कंपनीचा. बरं बाबा, आहे कंपनीचं. आणि आमच्याकडेच एक महाशय होते, सव्वानऊ ते साडेतीन शेअर मार्केट, बाजार बंद झाला की मग चहा आणि मग काम, आणि त्यांचं उरलेलं काम माझ्या टेबलावर. त्यांच्याबद्दल मला काडीची दया नाही. पण तो माणूस कोण हे अख्ख्या फ्लोअरला ठाऊक होतं, त्याच्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, त्याला केबिनमध्ये बोलवायची हिंमत लागते. ती नाही म्हणून सगळ्यांवर कॅमेरा.

आणि या सॉफ्टवेअरने होणार काय तर लोक जास्त चांगलं लपवायला शिकणार, बाकी काही नाही. हे काय आजचं आहे का? जुन्या डॉसच्या गेम्समध्येसुद्धा एक बटण असायचं, साहेब आले की दाबायचं, गेम गायब आणि समोर हिशेबाचा खोटा तक्ता. गेम बनवणाऱ्यालाच माहिती होतं की खेळणारा ऑफिसात बसलाय! आता टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, पाच मिनिटं माऊस हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो, तर लोकांनी माऊस आपोआप हलवणारं यंत्र आणलं, ऑनलाइन सर्रास मिळतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने २०२४ मध्ये डझनभराच्या वर लोक काढले, का तर कीबोर्ड चालू असल्याचं नाटक करत होते. म्हणजे मशीन मशीनला फसवतंय, आणि काम? ते कुणी बघतंय का?

(जाता जाता, ज्यांना वाटतं इनकॉग्निटो केलं की कुणाला कळत नाही, त्यांनी त्या भ्रमात राहू नका. त्याने हिस्टरी त्या ब्राऊझरमध्ये साठत नाही एवढंच, पण कुठल्या साईटवर गेलात हे कंपनीच्या नेटवर्कवर दिसू शकतं. आणि नेट बँकिंग ऑफिसच्या मशीनवर करू नका रे बाबांनो, मोबाईल कशाला आहे.)

मागे एक केस वाचली होती, डोक्यातून जातच नाही. रुमानियातला एक इंजिनियर, कंपनीनेच त्याला ग्राहकांशी बोलायला याहू मेसेंजर उघडायला लावलं होतं, त्याने त्यावर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी गप्पा मारल्या. खासगी बोललोच नाही असं तो म्हणाला तर कंपनीने ४५ पानांची प्रिंट काढून त्याच्यासमोर ठेवली. पंचेचाळीस पानं! कुणीतरी ती वाचली, पंच केली, फाईलला लावली. त्याला काढलं ते साल २००७, म्हणजे मी इकडे टिंबं टाकत होते तेव्हाच. तो लढत राहिला आणि २०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं. आमच्याकडे कोण लढणार दहा वर्षं? मी विचार करते, माझ्या जीटॉकची अशी ४५ पानं कुणी समोर ठेवली असती तर? पिल्लू जेवला का, टिंब, ताप उतरला का, टिंब. मी तिथेच मेले असते लाजेने, आणि लाजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मी एकदा सापडले होते. नवऱ्याने काहीतरी लिहिलं, मी हसले आणि आरशात बघायचं राहिलं. वर पाहिलं तर आरशात साहेब, बरोब्बर माझ्या मागे, नजरानजर. स्क्रीनवर जीटॉक उघडं. माझे हात गार. साहेबांनी काय करावं? खिशातून कंगवा काढला, माझ्या आरशात बघून उरलेले चार केस नीट केले, कंगवा खिशात ठेवला आणि गेले. एक शब्द नाही. त्यानंतर पुढची दोन वर्षं ते आमच्या डिपार्टमेंटच्या दारापाशी आले की आधी खाकरायचे. मोठ्याने. मग दोन सेकंद थांबून आत. माझे आजेसासरे असंच करायचे, पडवीतून माजघरात यायच्या आधी खाकरायचे, म्हणजे सुना पदर सावरतील. तुमच्यापैकी गावाकडच्या मोठ्या घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको. घर त्यांचंच होतं ना? तरी खाकरायचे.

आणि काम बघाल तर त्या माणसाच्या हाताखाली आमचं महिन्याच्या हिशेबाचं क्लोजिंग तीन तारखेला व्हायचं. आता सहा तारीख उजाडते.

मला स्वतःचाच राग येतोय खरंतर. साहेब रिटायर झाले तेव्हा मी रडले होते आणि मनात म्हटलं होतं की आपण असं व्हायचं, आणि झाले काय, तर जिला बघून पोरी मार्चचं शीट उघडतात ती मॅडम. कधी झाले हे मला कळलंसुद्धा नाही. आणि त्या पोरीला रात्री साडेदहाला "अर्जंट आहे गं" असा व्हॉट्सअॅप टाकणारीही मीच, रविवारी फोन करणारीही मीच, तिच्या घरात आपण खुशाल घुसतो, तिकडे नाही ना कुणी ऑल्ट-टॅब करू शकत. तिने कंपनीची पाच मिनिटं घेतली तर तिने रडायचं!

दुपारी मेलला उत्तर पाठवलंय की माझ्या डिपार्टमेंटचा शुक्रवारचा रिपोर्ट मला नको. बघू काय होतं, बहुतेक काही होणार नाही, मिटिंग लावतील.

चारला परत तिच्याकडे गेले, दाराशी थांबून खाकरले, चांगलं मोठ्याने. ती दचकून उठली, म्हणाली मॅडम सर्दी झाली का, एसी कमी करू? आणि ड्रॉवरमधून आल्याची गोळी काढून दिली. खाल्ली मी.

बरं आता मुख्य काम. तिकीट शेवटी वेटिंगचंच आलं, कन्फर्म होईलसं वाटत नाही. ट्रॅव्हल्सची स्लीपर त्या माणसाच्या पाठीला झेपणार नाही, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेत. उद्या किंवा परवा पुण्याहून लातूरकडे मोठ्या गाडीने कुणी जातंय का, ज्यात मागची सीट पाडून एक माणूस आडवा होऊ शकेल, बरोबर त्यांची बायको? डिझेलचं मी बघते. इनबॉक्स करा, ऑफिसच्या वेळात केलात तरी चालेल, मी उघडून ठेवणार आहे.