‘आउटप्ले’साठी मराठीत शब्द आहेत, आणि एकापेक्षा जास्त आहेत

इंग्रजी ‘आउटप्ले’ म्हणजे समोरच्यापेक्षा सरस खेळणं. त्यावरून ठाण्यात आमच्या ओळखीच्या तीन-चार ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय: ‘हरवलं म्हटलं की कौशल्य कळत नाही. आउटप्लेला मराठीत शब्द नाही. म्हणून आउटप्ले केलं असंच म्हणा.’

पहिलं वाक्य मला मान्य आहे. हरवणं म्हणजे फक्त निकाल. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पण त्यांच्या कर्णधार लॉरा वोल्वार्टनं १०१ धावा केल्या आणि ती खेळत होती तोवर आपल्या गोलंदाजांना पुरून उरत होती. दीप्ती शर्माच्या चेंडूवर अमनज्योत कौरच्या हातात तिचा झेल नाचला आणि अखेर टिकला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. सामना हरलेलीसुद्धा पुरून उरते, ती अशी.

दुसरं वाक्य मात्र साफ चूक. कळव्यात कबड्डी बघताना एका पोरानं चढाईत उजव्या कोपरारक्षकाकडे हात टाकला. रक्षक घोट्यासाठी खाली वाकला, तोवर पोरानं डावीकडच्याला पाय लावला आणि मध्यरेषा गाठली. शेजारचे काका ओरडले, “काय हुलकावणी दिली रे!” पुढच्या दोन चढायांतही तेच झालं, तेव्हा म्हणाले, “एकटा सगळ्यांना भारी पडतोय.” दोन्ही वेळा कौशल्याचंच कौतुक, पण पहिलं एका हालचालीचं, दुसरं अख्ख्या खेळाचं. डोक्यानं जिंकला तर मात केली, समोरच्याचा बेत त्याच्यावरच फिरवला तर डाव उलटवला, दोघंही तयारीचे असून एक वरचढ ठरला तर शेरास सव्वाशेर. एकतर्फी झालं तर लोळवलं. इंग्रजी शब्द या सगळ्यांवर एकच झाकण घालतो.

आणि ‘आउटप्ले केलं’ म्हणाच, हा आग्रह? परक्या शब्दांशी माझं भांडण नाही. ‘मात’सुद्धा बुद्धिबळाबरोबर फारसीतून आली आणि आपली झाली. पण क्रिकेटमध्ये ‘आउट’ला आधीच एक पक्का अर्थ आहे. परवा टीव्हीवर समालोचक म्हणाला, “पूर्णपणे आउटप्ले केलं!” स्वयंपाकघरातून आई हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली आणि विचारलं, “कोण आउट झालं?”