सहाशे डंपर कुणालाच दिसले नाहीत?

पावसाळा लागला की अख्ख्या कोल्हापूरचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे, तिथल्या पाणीपातळीकडे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, तासातासाला मोबाइलवर आकडे. आणि उन्हाळाभर पंचगंगेच्या पूरक्षेत्रात मुरूम ओतला जातो, त्याचा आकडा मात्र कुठल्याच ग्रुपवर येत नाही.

हिशेब करा की जरा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर दोन मीटर भराव म्हणजे आठ हजार घनमीटर. ८० लाख लिटर पाण्याची जागा गेली. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) २,८०० च्या वर. पाच ब्रासचा डंपर धरला तर पावणेसहाशे खेपा. एका एकराला! दिवसाउजेडी, धुरळा उडवत. आणि तलाठी, ग्रामसेवक, बांधकाम निरीक्षक यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यांत ती धूळ गेली नाही?

विचारायला जा, मग बघा गंमत. जलसंपदा म्हणणार, आम्ही पूररेषा आखून देतो, कारवाई नियोजन प्राधिकरणाची. महापालिका म्हणणार, तो गट आमच्या हद्दीत नाही. ४२ गावांचं वेगळं प्राधिकरण आहे, ते म्हणणार आमच्याकडे माणसंच नाहीत. ग्रामपंचायत म्हणणार, आम्हाला कुठले अधिकार, तहसीलदारांकडे जा. तहसीलात गौण खनिजाची रॉयल्टी भरलीय का एवढंच बघतात, आणि पावती तर हातात तयार असते. म्हणजे मुरूम उचलला कुठून त्याचा कागद आहे, ओतला कुठे त्याचा नाही.

आता नियमच बघा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात परवानगी, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ती उंची खांबांवर गाठली तर पाणी खालून निघून जातं, भरावावर गाठली तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतं. मुरूम खांबांपेक्षा स्वस्त पडतो, तेव्हा लोक काय करणार ते सांगायला नको. जोत्याची उंची तपासून शिक्का मारतात. पाणी कुठे गेलं हे तपासायचं कुणाच्याच कामात बसत नाही.

आणि १०० वर्षं म्हणे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोनच वर्षांनी, २०२१ ला, ५६ च्याही वर. नदीचे आडवे छेद, म्हणजे पात्राच्या रुंदी-खोलीची मापं, जुने, मधल्या काळात पडलेला भराव त्यात नाही, अशा मोजणीवर काढलेली रेषा पहिल्या दिवसापासूनच चुकीची.

त्यात पुणे-बंगळुरू महामार्ग. तो केंद्राचा. रस्ता बुडू नये म्हणून पूरपातळीच्या वर घ्यायचा, हे त्यांचं गणित. शिरोली पुलापासून सांगली फाट्याकडे पाणी मैलभर पसरतं, तिथे उंच भराव घातला की रस्ता राहत नाही, धरण होतं. नदीच्या पात्रावर पूल दिला म्हणजे पाण्याला वाट दिली असं नसतं; पुरात बरंच पाणी पात्राबाहेरून चालतं, त्याला मोऱ्या आणि कमानी लागतात. नाहीतर फुगवटा मागे चढतो आणि नदीच्या वरच्या अंगाच्या चिखली-आंबेवाडीची जनावरं आधी हलवावी लागतात. भरावाऐवजी पिलर द्या, ही मागणी लोकांनी उगीच लावून धरलेली नाही.

अजून एक खास मूर्खपणा. इशारा मिळतो बंधाऱ्यावरच्या फुटांत, पूररेषेच्या दाखल्यात पातळी लिहितात समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, आणि धरणाचा विसर्ग सांगतात क्युसेकमध्ये. ४७ फुटांना माझ्या गल्लीत किती पाणी, हे नदीकाठच्या सुतारवाड्यातल्या माणसाने कोणत्या कोष्टकात बघायचं? ते तक्ते तयार करून भिंतीवर रंगवायला काय जागतिक बँकेचं कर्ज लागतं?

पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने येतो म्हणतात, त्याचं तर बोलूच नका. उंची ५१९.६० मीटर राहावी की ५२४.२५६ व्हावी, हे भांडण कर्नाटकाशी जरूर भांडा. पण गल्लीशेजारचा भराव काही अलमट्टीने टाकलेला नाही. पूरक्षेत्रात कुठे काय चालेल याच्या वर्गवारीचा नमुना कायदा केंद्राने राज्यांना पाठवला १९७५ साली. पाणी राज्याच्या सूचीत, म्हणून दिल्ली नुसता नमुना पाठवते. राज्य परिपत्रक काढतं, परिपत्रक नकाशावर राहतं, आणि नकाशावरची रेषा नेमक्या कुठल्या गट नंबरातून जाते हे सातबाऱ्यावर चढतच नाही. प्लॉट घेणाऱ्याला पूररेषा कळते ती पहिल्या पुरात, सोफा तरंगायला लागल्यावर.

पूररेषेच्या दाखल्यात दोन रकाने वाढवा: भराव किती ब्रास, आणि पाण्याची गेलेली जागा परत द्यायला तेवढीच खोदाई त्याच पूरक्षेत्रात कुठे करणार. शिवाय रॉयल्टीच्या पावतीवर माल कुठे उतरवणार तो गट नंबर छापा. डंपर तिसऱ्याच गटात सापडला तर तिथल्या तिथे जप्त.