‘विस्मृतीत गेला’ हे पटत नाही
नायजेरियन संगीतकार विल्यम ओन्याबोरवरचा लेख छान, पण त्यात म्हटलंय तसा तो ‘विस्मृतीत गेला’ हे काही पटलं नाही. हा माणूस स्वतःहून बाजूला झाला. नायजेरियातल्या एनुगूमध्ये बसून १९७७ ते १९८५ या काळात त्याने आठ अल्बम काढले. निर्माता तोच, रेकॉर्ड कंपनीही स्वतःची, ‘विलफिल्म्स’. मोठ्या कंपन्यांच्या दारात जायची गरजच ठेवली नाही, याला खरं तर लेखात जास्त जागा हवी होती. मग धर्माकडे वळला आणि जुन्या गाण्यांबद्दल बोलायलाही तयार नसे. २०१३ मध्ये ‘टॉकिंग हेड्स’ बँडवाल्या डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या गाण्यांचं संकलन काढलं, जगभर वाहवा झाली, तरी गडी जवळपास गप्पच!

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी ‘बेटर चेंज युअर माइंड’पासून सुरुवात करा. सिंथेसायझरची एकच लकेर मिनिटामागून मिनिटं फिरत राहते, मागे बायकांचा कोरस, आणि हा अगदी निवांत आवाजात महासत्तांना दम देतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९७८ साली! हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बेसची पार वाट लागते.